लिफ्टवाल्या मामांची अख्खी गोष्ट

कुठल्याही गावात कला किती वाढली आहे हे मोजायची एकच खात्रीची रीत आहे. कार्यक्रमाच्या हॉलमधली माणसं मोजावीत आणि त्यांतून कलावंत वजा करावेत. जी बाकी उरते तिला प्रेक्षक म्हणतात. ही बाकी जितकी कमी, तितकी कला पुढारलेली. मागासलेल्या ठिकाणी आजही एक माणूस गातो आणि पाचशे माणसं गप्प बसून ऐकतात. पाचशे गळे तिथे फुकट जातात, पण त्याचं कुणाला काही वाटत नाही.

ही हकिकत ज्या गावातली आहे तिथे ही बाकी चारवर आलेली होती. श्रेय सगळं ‘संमिश्र प्रयोगसंध्या’ या कार्यक्रमाचं. तो दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, संध्याकाळी पाच ते साडेआठ, एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या हॉलमध्ये व्हायचा. ज्या शनिवारबद्दल सांगायचं आहे त्या दिवशी हॉलमध्ये माणसं अडतीस होती. त्यांत कलावंत चौतीस. उरलेल्या चौघांत दोन आया, एक नवरा, आणि एक गृहस्थ. हे गृहस्थ छापखाना अजून चालू आहे अशा समजुतीने लेटरहेड छापून घ्यायला जिना चढून आले होते. (किल्लीवाल्या बाई यात धरलेल्या नाहीत. त्या हॉलबरोबर येतात. हॉलच्या पावतीवरच तसं छापलेलं आहे: पंखे सहा, खुर्च्या चाळीस, माइक एक, किल्लीवाल्या बाई.)

प्रयोगसंध्येचे नियम कडक होते आणि ते असायलाच हवेत. कलेत मोकळेपणा आणायचा तर आधी नियमच लागतात.

एकटी कला रंगमंचावर येऊ द्यायची नाही. किमान दोन पाहिजेत, आणि त्या दोघींची आधी ओळख नसावी. गाणं आणि तबला एकत्र आणणाऱ्याला पहिल्याच वर्षी परत पाठवण्यात आलं होतं.

टाळी वाजवायची नाही. टाळी म्हणजे निकाल. त्याऐवजी उजवा हात शांतपणे वर करावा आणि तितक्याच शांतपणे खाली घ्यावा.

‘याचा अर्थ काय?’ असं विचारायचं नाही. दुसऱ्या वर्षी कुणाच्या तरी काकांनी विचारलं होतं. त्यांना तेव्हापासून खुर्ची मिळालेली नाही.

आणि नियम सहावा, सगळ्यात महत्त्वाचा: आपला आयटम झाला की कलावंताने हॉलमध्ये बसायचं नाही. बाहेरच्या पॅसेजमध्ये जाऊन सावरायचं. स्वतःची कला नुकतीच बाहेर पडलेली असताना लगेच दुसऱ्याची बघावी लागली तर प्रकृतीला अपाय होतो, असं वैद्यकीय मत समितीने घेतलेलं होतं. (समितीत एक डॉक्टर होते. दातांचे.) सावरण्यासाठी पॅसेजमध्ये चहा आणि बिस्किटं ठेवलेली असत.

पहिल्या आयटमला हॉल गच्च असे आणि शेवटच्या आयटमला काय होत असे, हे समितीला माहीत नव्हतं. कारण तोवर समिती सावरत असे.

त्या शनिवारी शेवटचा, म्हणजे एकोणिसावा आयटम लिफ्टवाल्या मामांचा होता.

मामा कलावंत नव्हते. त्यांनी चौतीस वर्षं एका सात मजली इमारतीत लिफ्ट चालवली. इमारत कचेऱ्यांची. जाळीचं दार, पितळी दांडा, कोपऱ्यात बसायला लाकडी स्टूल. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर बरोबर चार बोटं वर थांबायची. दुरुस्तीवाले येऊन गेले, मोठे इंजिनियर येऊन गेले, त्यांनी मोजून खात्री केली की चारच बोटं आहेत, आणि गेले. म्हणून दार उघडताना मामा दर वेळी सांगायचे, "सांभाळून उतरा, चार बोटं वर आहे." दिवसातून साधारण तीनशे वेळा.

मामांना गोष्ट सांगायची भारी हौस होती. पण लिफ्टमध्ये गोष्ट सांगणाऱ्याची एक अडचण असते, आणि तिच्यावर अजून कुणी ग्रंथ लिहिलेला नाही. ऐकणाऱ्याचा मजला येतो.

त्यांच्याकडे गोष्टी पुष्कळ होत्या, पण एक खास होती. डोळ्यांदेखत घडलेली. पाचव्या मजल्यावरच्या कचेरीत एक माणूस नोकरीला होता. तो रोज सकाळी घरून स्वतःची खुर्ची घेऊन यायचा आणि संध्याकाळी ती परत घेऊन जायचा. अकरा वर्षं. मग एके दिवशी तो खुर्ची न घेता आला.

इथे चौथा मजला यायचा.

मामांच्या अंदाजाने ही गोष्ट चौतीस वर्षांत नऊ हजार वेळा तरी सुरू झाली असेल. पहिल्या मजल्यावरच्या विमावाल्यांना एवढंच कळलं की एक माणूस होता. दुसऱ्या मजल्यावर टायपिंगच्या क्लासला जाणाऱ्या मुली खुर्चीपर्यंत पोचल्या. तिसरा मजला दातांच्या डॉक्टरांचा. तिथे जाणाऱ्यांना अकरा वर्षांपर्यंत ऐकायला मिळायचं, पण ते गाल धरून उभे असत, त्यामुळे त्यांना श्रोते धरावं की नाही हा प्रश्नच आहे. चौथ्या मजल्यावर घरांचे नकाशे काढणारे बसत. ते सगळ्यात नशीबवान. माणूस खुर्ची न घेता आला हे त्यांना कळायचं. ते "अरेच्चा!" म्हणायचे आणि उतरायचे. पाचव्या मजल्याचे लोक ही गोष्ट सुरू झाली की लिफ्टच्या छताकडे बघत. सहाव्याला कुलूप होतं. सातव्यावर पाण्याची टाकी होती आणि ती धुवायला वर्षातून दोनदा एक माणूस यायचा. अख्खी गोष्ट मावेल एवढा प्रवास करणारा चौतीस वर्षांत हा एकच इसम. त्याला ऐकू येत नव्हतं.

चार वर्षांपूर्वी लिफ्ट बदलली. नव्या लिफ्टला बटणं आहेत आणि आत एक बाई बोलतात. ‘दार उघडत आहे, कृपया सावकाश बाहेर पडा.’ (या बाईंचं वाक्य दर वेळी पूर्ण कसं होतं, याचं मामांना राहून राहून नवल वाटे.) निरोपाच्या कार्यक्रमात मामांना त्यांचं स्टूल भेट देण्यात आलं. ते मुळात मामांचंच होतं.

घरी मामी होत्या. पण मामींचा उपयोग नव्हता. लग्नानंतर त्या मामांच्या लिफ्टमध्ये दोनदा चढल्या होत्या, दोन्ही वेळा दाढ दुखत होती म्हणून.

"ऐकतेस का," मामा म्हणायचे, "त्या खुर्चीवाल्याचं पुढे ना..."

"ऐकलंय मी."

"तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकलंयस."

"पुष्कळ झालं तेवढं. त्या माणसाचं नाव काढलं की माझी दाढ ठणकते."

मामांचं वय आता एकाहत्तर होतं आणि मागणं फार मोठं नव्हतं. ही एक गोष्ट कुणीतरी एकदा शेवटपर्यंत ऐकावी. आणि ऐकता ऐकता मध्ये एकदा, एकदाच, ‘मग पुढे काय झालं?’ असं विचारावं. नोकरीत त्यांना लोकांनी पुष्कळ काही विचारलं होतं. लिफ्ट कधी दुरुस्त होणार, हे रोज विचारलं. पुढे काय झालं, हे कुणी विचारलं नव्हतं.

मामांची भाची प्रयोगसंध्येच्या समितीवर होती. दिवसा ती औषधांच्या दुकानात बसायची आणि संध्याकाळी कवितेच्या एकेका ओळीबरोबर एकेका फुग्यातली हवा सोडायची. (फुगा आणि कविता यांची आधी ओळख होती की नव्हती यावर समितीत दोन बैठका झाल्या. नव्हती असं ठरलं.) तिचा मामांवर जीव होता. तिने अर्ज आणून दिला.

"मामा, हा भरा. तुमची गोष्ट आपण स्टेजवर घेऊ."

"स्टेज थांबतं का मध्ये कुठे?"

"नाही हो. एकाच जागी असतं."

"मग चालेल," मामा म्हणाले.

अर्ज चार पानी होता. मामांनी तो दुपारभर बसून, मोठ्या अक्षरांत, एकही रकाना न सोडता भरला.

माध्यम पहिलं: तोंड.

माध्यम दुसरं: स्टुलावर बसून.

आपण काय मोडणार आहात?: काही नाही. मोडलेलं असलं तर बघतो.

वापरले जाणारे द्रवपदार्थ, लिटरमध्ये: पाणी, एक ग्लास, प्यायला.

प्रेक्षकांना होऊ शकणारा त्रास: होणार नाही.

शेवटचं उत्तर समितीला खटकलं. समितीचे निमंत्रक होते, त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. भाऊंनी बोलण्यापूर्वी डोळे मिटायची सवय लावून घेतली होती. त्यांनी डोळे मिटले.

"गोष्ट सांगणार आहेत. ठीक आहे. पण यात प्रयोग कुठाय?"

"भाऊ, ते ती शेवटपर्यंत सांगणार आहेत," भाची म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे सुरू करणार आणि संपवणार. आपल्याकडे आजवर असं कुणी केलंय का?"

समितीने दप्तर काढून पाहिलं. चार वर्षांत आयटम झाले होते आठशे बारा. त्यांतले वेळ झाली म्हणून थांबवलेले सातशे नव्वद. वीज गेल्यामुळे थांबलेले चौदा. उरलेले आठ कलावंतांच्या म्हणण्यानुसार अजून चालू होते. संपलेला एकही नव्हता.

भाऊंनी डोळे उघडले. "सरळ सांगणार?"

"सरळ."

"आधी सुरुवात?"

"हो."

"आणि मग मधलं, आणि मग..."

"शेवट. हो."

भाऊंनी उठून दार लावून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "लोकांना झेपेल का?" आणि थोड्या वेळाने, "धाडसी आहे म्हातारा."

दुसऱ्या माध्यमाची अडचण होती. ती स्टूल हे शिल्प धरून सोडवण्यात आली. आयटमची नोंद ‘कथन आणि काष्ठशिल्प’ अशी झाली. क्रमांक एकोणीस.

मामांनी घरी भिंतीसमोर बसून सराव केला. गोष्टीला अकरा मिनिटं लागत होती. फक्त एक खोड जात नव्हती. ‘खुर्ची न घेता आला’ इथे पोचलं की ते आपोआप थांबायचे आणि उजवा हात दाराकडे जायचा.

"उतरले का सगळे?" मामी स्वयंपाकघरातून विचारायच्या.

शनिवार आला. मामा धुतलेला सदरा घालून, स्टूल खांद्याला लावून जिना चढले. किल्लीवाल्या बाई दारात उभ्या होत्या. साठीच्या, हातात किल्ल्यांचा जुडगा आणि खांद्यावर फडकं.

"हे स्टूल हॉलचं आहे का घरचं?" त्यांनी विचारलं. "नंतर घोटाळा नको. मला सामान मोजून द्यावं लागतं."

"घरचं," मामा म्हणाले.

"मग जाताना आठवणीने न्या."

पाच वाजता संध्या सुरू झाली. आता जे आयटम झाले त्यांचं वर्णन करायला खरं तर शब्द अपुरे आहेत, पण समितीच्या दप्तरात पुरेसे आहेत, तेच इथे घेतो.

पहिल्या आयटमात एका कवीने कविता वाचली आणि ती चालू असताना एका केशकर्तनकाराने त्याची अर्धी मिशी उतरवली. उरलेली अर्धी पुढच्या महिन्यात. दोघेही सावरायला गेले.

चौथा आयटम ‘विरह आणि कुकर’. एक मुलगी कुकरकडे पाठ करून उभी राहिली. किती शिट्ट्या झाल्या हे मोजायचं नाही, अशी प्रेक्षकांना विनंती होती. तीन शिट्ट्यांपर्यंत सगळे गंभीर होते. चौथ्या शिट्टीला तिची आई खुर्चीतून उठून ओरडली, "अगं, लगदा होईल, बंद कर तो!" सगळ्या हॉलचे हात वर गेले. समितीने आईला सहकलावंत धरलं आणि नियमाप्रमाणे मुलीबरोबर पॅसेजमध्ये पाठवलं. एकटी काय करायची म्हणून दुसरी आईही तिच्यामागे गेली. बाकी दोनवर आली.

सातवा आयटम नृत्याचा होता आणि त्यात नर्तकी आलीच नाही. सात मिनिटं रिकामा रंगमंच. तेवढे हात त्या संध्याकाळी दुसऱ्या कुणाला मिळाले नाहीत. (तिची बस चुकली होती असं मागाहून कळलं. पण एकदा वर गेलेला हात परत घेता येत नाही.)

मामा आपल्या खुर्चीत ताठ बसून सगळं बघत होते. त्यांना एकाच गोष्टीचा त्रास होत होता. हात वर झाला की त्यांच्या पायाखाली लिफ्ट थांबायची. चौतीस वर्षं हात वर होण्याचा एकच अर्थ होता: थांबवा, मी येतोय.

बाराव्या आयटमचा कलावंत आला नव्हता, आणि त्याच्या जागी जो झाला तो ठरलेला नव्हता. लेटरहेडवाले गृहस्थ कंटाळून उठले, सरळ स्टेजवर गेले आणि भाऊंना म्हणाले, "हा नमुना. नाव डावीकडे, काळ्या शाईत. पत्ता खाली. पाचशे प्रती. शनिवारपर्यंत मिळतील का?" मग एक हात वर गेला, मग दहा, मग सगळे. गृहस्थांनी मागे वळून पाहिलं आणि दचकून स्वतःचाही हात वर केला. त्यांना पॅसेजमध्ये नेऊन चहा देण्यात आला. पुढच्या महिन्यात ते पाकिटं दाखवणार आहेत. बाकी आता एक, म्हणजे नवरा.

सोळाव्या आयटमच्या वेळी मामांच्या शेजारच्या खुर्चीत एक जाडसर गृहस्थ येऊन बसले. मांडीवर बासरी आणि दात कोरायचं यंत्र. त्यांनी मामांकडे बघितलं, पुन्हा बघितलं.

"मामा! अहो, तुम्ही इथे कुठे?"

हेच ते तिसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर. समितीवरचेही हेच, पण बैठकांना न येणारे. बावीस वर्षं रोज वर, रोज खाली.

"डॉक्टर," मामा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"तुमची ती गोष्ट आठवते हो मला. खुर्चीवाला! रोज खुर्ची घेऊन यायचा. किती वर्षं? अकरा!"

"अकरा. आज सांगणार आहे, अख्खी. शेवटचा आयटम."

"काय सांगता! मग मी थांबणारच. बावीस वर्षं डोक्यात अडकलंय ते." डॉक्टर उठले. "आलोच, माझा नंबर आला."

सतरावा आयटम, ‘बासरी आणि यंत्र’, सात मिनिटं झाला. हॉलमधल्या सगळ्यांनी गाल धरले. डॉक्टर घामाघूम होऊन उतरले, आणि दारात उभ्या असलेल्या मंडळींनी त्यांना खांद्याला धरून पॅसेजमध्ये नेलं. तिथून त्यांचा आवाज येत राहिला. ते यंत्राविषयीच बोलत होते.

अठरावा आयटम खुद्द भाऊंचा. ‘मौन आणि गहू’. ते डोळे मिटून एका बादलीतले गहू मुठीमुठीने दुसऱ्या बादलीत टाकत होते. बादली धरायला माणूस हवा होता म्हणून नवऱ्याला वर बोलावलं गेलं. सात मिनिटांनी दोघे सावरायला गेले. वेळेची घंटा भाऊंच्या खिशात होती. तीही गेली.

भाची धावत आली. "मामा, तुम्ही सुरू करा हं. बाहेर सगळ्यांचा ग्रुप फोटो चाललाय. मी दोन मिनिटांत आलेच."

"सुरू करू?"

"करा ना. आम्ही ऐकतोय."

मामा स्टेजवर गेले. स्टूल ठेवलं, हलत नाही ना ते पाहिलं, बसले. समोर खुर्च्या चाळीस. माणूस एक, आणि तीही मोजणीत न येणारी. किल्लीवाल्या बाईंनी मागच्या रांगेपासून खुर्च्या मिटून भिंतीला लावायला सुरुवात केली होती. सव्वाआठ होत आले होते. साडेआठला कुलूप.

कुठलाही कलावंत इथे खचला असता. मामा खचले नाहीत. रिकाम्या लिफ्टमध्ये त्यांनी आयुष्य काढलं होतं.

"पाचव्या मजल्यावरच्या कचेरीत एक माणूस होता," ते म्हणाले.

खाडकन एक खुर्ची मिटली.

"तो रोज सकाळी घरून स्वतःची खुर्ची घेऊन यायचा."

बाईंच्या हातातली खुर्ची अर्धी मिटून राहिली.

"घरून?" त्या म्हणाल्या.

"घरून. आणि संध्याकाळी परत घेऊन जायचा. लिफ्टमध्ये मांडून तिच्यावर बसायचा नाही. धरून उभा राहायचा."

"किती दिवस चाललं हे?"

"अकरा वर्षं."

बाईंनी मिटलेली खुर्ची पुन्हा उघडली आणि तिच्यावर बसल्या. जुडगा मांडीवर ठेवला, वाजू नये म्हणून वर हात ठेवला.

"मग एके दिवशी," मामा म्हणाले, "तो खुर्ची न घेता आला."

त्याच क्षणी दारात भाची डोकावली. एक पाय आत, एक पॅसेजमध्ये. तिने मामांकडे बघून, अगदी मनापासून, उजवा हात वर केला. तोच कुणीतरी तिला बाहेरून हाक मारली आणि ती गेली.

मामा थांबले. हात वर झाला होता. कुणीतरी येत होतं. चौतीस वर्षांची सवय. त्यांनी दाराकडे बघत वाट पाहिली. कुणी आलं नाही. वेळ गेला. गोष्ट होती तिथेच उभी राहिली, चार बोटं वर.

"थांबलात का हो?" बाई म्हणाल्या.

"हात वर केला तिने."

"ते इथलं कौतुक असतं. त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही." बाई पुढे सरकून बसल्या. "मग पुढे काय झालं?"

मामांनी ऐकलं. पाण्याचा ग्लास उचलला, प्यायले, खाली ठेवला. कुठला मजला येतोय का हे सवयीने एकदा पाहिलं. कुठलाच येत नव्हता.

मग त्यांनी सांगितलं.

बाई दोन ठिकाणी हसल्या. एका ठिकाणी "मेले!" असं म्हणाल्या, आणि ते पाचव्या मजल्याला उद्देशून होतं. गोष्ट संपली तेव्हा साडेआठला दोन मिनिटं कमी होती.

"हेच का ते स्टूल?" त्यांनी विचारलं.

"हेच."

बाई उठल्या, जवळ आल्या, खांद्यावरचं फडकं काढलं आणि स्टुलाची बसायची फळी नीट, कडेपर्यंत पुसली. दोन्ही हातांनी उचलून ते मामांच्या खांद्याला लावून दिलं. मग उरलेल्या खुर्च्या मिटायला गेल्या.

मंडळी पिशव्या न्यायला आत आली. भाऊंनी मामांचे दोन्ही हात धरले आणि डोळे मिटले. "कसं झालं?"

"संपली," मामा म्हणाले.

"काय संपली?"

"गोष्ट."

भाऊंच्या अंगावर काटा आला. त्यांनी तो दाखवला.

डॉक्टर गर्दीतून वाट काढत आले. "मामा, चुकलंच हो! बाहेर सोडेनात मला. आता सांगा. अकरा वर्षं, आणि मग?" मामांनी तोंड उघडलं. "डॉक्टर, यंत्राबरोबर एकट्याचा एक फोटो!" बाहेरून हाक आली. डॉक्टर वळले. "सांभाळून," मामा सवयीने म्हणाले.

घरी मामींनी दार उघडलं. "झाली का एकदाची?"

"झाली. अख्खी."

"ऐकली कुणी?"

"एका बाईंनी. शेवटपर्यंत."

मामींनी ताट वाढता वाढता हात थांबवला. "कोण बाई?" मग ताट मामांसमोर ठेवून, पाट ओढून समोर बसल्या. "सांगा आता. तिसऱ्या मजल्यापासून. पुढे काय झालं?"

"आणि दाढ?"

"दाढ मेली पडली. सांगा."

समितीच्या दप्तरात त्या आयटमची नोंद अशी आहे: ‘क्रमांक एकोणीस. माध्यमं तोंड व स्टूल. उपस्थित प्रेक्षक शून्य.’ (बाई सामानात.) बाकी शून्यावर आलेली ही गावाच्या इतिहासातली पहिलीच वेळ. कला पूर्णपणे पुढारल्याबद्दल समितीने स्वतःचं अभिनंदन केलं आणि पुढच्या महिन्यापासून अर्जात एक नवा रकाना घातला: ‘आपला आयटम संपणार आहे काय? असल्यास कारण द्यावे.’

म्हणजे ती गोष्ट अख्खी ठाऊक असलेली माणसं आज जगात तीन आहेत. स्वतः मामा, मामी आणि किल्लीवाल्या बाई. चौथं माणूस तुम्ही होऊ शकला असता. शेवट इथे लिहायला काहीच हरकत नव्हती, फार तर एक पान लागलं असतं. पण तो माणूस खुर्ची न घेता आला, हे तुम्हाला मघाशीच सांगितलं होतं, चौथ्या मजल्यावर. तुम्ही "अरेच्चा" म्हणालात आणि अर्ध्या मिशीमागे गेलात. मग कुकर बघितलात, बादली बघितलीत, लेटरहेडवाल्यासाठी तर बहुतेक हातही वर केलात. पुढे काय झालं असं एका किल्लीवाल्या बाईंनी विचारलं, आणि मामींनी. आता तुम्ही विचारताय. पण आता या पानावर जागा राहिलेली नाही, आणि तुमचा मजला आला.

सांभाळून उतरा. चार बोटं वर आहे.